शब्द लागले पाहिजेत: बेताच्या खर्चात गाडीचा आवाज सुधारायचा क्रम

नागपूरजवळच्या शिवमडक्याहून समृद्धी महामार्गाला लागलं की सिमेंटचा रस्ता सुरू होतो आणि त्याबरोबर टायरची घरघर. मागच्या वर्षी आम्ही शेगावला निघालो होतो. बाबांनी कीर्तन लावायला सांगितलं. मी आवाज वाढवत वाढवत तिशीपर्यंत नेला. तरी ते मागच्या सीटवरून पुढे वाकून म्हणाले, "आवाज तर येऊन राहिला रे, पण शब्द लागून नाही राहिले."

गाडी आमची साधी हॅचबॅक, २०१९ ची. स्टिरिओ कंपनीचाच टचस्क्रीन, चार दारांत चार स्पीकर. त्या एका वाक्यावरून मी पुढचे सहा महिने जमेल तसा, सुट्टीच्या दिवशी, गाडीच्या आवाजावर काम केलं. तीन टप्प्यांत मिळून एकतीस हजारांच्या आसपास खर्च झाला. आज तेच कीर्तन निम्म्या आवाजावर लावलं तरी टाळ वेगळे, पखवाज वेगळा आणि बुवांचा शब्द न् शब्द वेगळा ऐकू येतो.

क्रम मी आधीच सांगतो, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. आधी पुढची दोन दारं, मग पुढचे दोन स्पीकर, मग अँप (आवाजाला ताकद देणारा अँप्लिफायर), आणि गरज वाटली तरच वूफर (फक्त जड बास वाजवणारा स्पीकर). स्टिरिओ बदलायचा नाही. मागच्या स्पीकरना हात लावायचा नाही. दुकानात गेलात तर बहुधा याच्या उलट ऐकायला मिळेल: नवा अँड्रॉइड स्टिरिओ, चारही दारांत स्पीकर आणि डिक्कीत मोठा डबा. त्या वाटेनं पैसे संपतात, पण शब्द तसेच अस्पष्ट राहतात.

पैसे काढण्याआधी एक संध्याकाळ द्या

गाडी शांत जागी उभी करा, इंजिन बंद ठेवा. रोजच्या ऐकण्यातलं, पाठ असलेलं एखादं गाणं चांगल्या दर्जाच्या फाइलमध्ये पेन ड्राइव्हवर घ्या. ३२० केबीपीएस एमपी३ किंवा फ्लॅक चालेल. स्टिरिओतले बास, ट्रेबल शून्यावर आणा. लाउडनेस, बास बूस्ट असे जे काही चालू असेल ते बंद करा. आता तेच गाणं आधी ब्लूटूथवरून आणि मग पेन ड्राइव्हवरून ऐका. कित्येकांना इथेच मोठा फरक जाणवतो. फोनचा आवाज निम्म्यावर असतो, त्याची कसर स्टिरिओ वाढवून भरून काढलेली असते आणि त्याबरोबर खरखरही वाढलेली असते. फोन जवळपास पूर्ण आवाजावर ठेवा आणि कमी-जास्त स्टिरिओवर करा. याला एक रुपया लागत नाही.

मग फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरचा तोल) पूर्ण पुढे घ्या, म्हणजे मागचे स्पीकर बंद होतील. आवाज हळूहळू वाढवा आणि कोणत्या आकड्याला तो फाटायला लागतो ते लिहून ठेवा. त्याच वेळी दाराच्या आतल्या प्लास्टिकवर हात ठेवा. थरथर जाणवेल. ती थरथर म्हणजे स्पीकरची ताकद दाराचा पत्रा हलवण्यात वाया चालली आहे. शेवटी बाहेर उतरा आणि दाराच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं ठोका. रिकाम्या डब्यावर ठोकल्यासारखा आवाज आला, तर काम कुठून सुरू करायचं ते कळलं.

कंपनीच्या स्पीकरमध्ये असतं तरी काय

माझ्या गाडीचा जुना स्पीकर मी काढून हातात घेतला तेव्हा तो किती हलका आहे याचंच आश्चर्य वाटलं. पातळ कागदी कोन (हलून आवाज काढणारा शंकूसारखा पडदा), प्लास्टिकची चौकट आणि मागे पाण्याच्या बाटलीच्या झाकणापेक्षा थोडं मोठं चुंबक. वेगळा ट्विटर (उंच पट्टीसाठीचा छोटा स्पीकर) नव्हताच. एकच कोन ढोलकीही वाजवणार आणि "स", "श", "च" ही अक्षरंही. बोलण्यातली ही व्यंजनं साधारण ४ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतात. तिथे असा एकटा कोन थकतो. त्यात तो दारात, गुडघ्याच्या खाली. उंच पट्टीचा आवाज टॉर्चच्या उजेडासारखा सरळ जातो, तो सीटच्या बाजूला आपटतो आणि कानापर्यंत पोचत नाही. बाबांना शब्द का लागत नव्हते, याचं अर्धं उत्तर मला तिथे मिळालं.

स्टिरिओच्या ताकदीबद्दलही थोडं सांगतो. खोक्यावर "५० वॅट गुणिले ४" असं लिहिलेलं असतं तो क्षणभराचा कमाल आकडा. १४.४ व्होल्टच्या गाडीत, ४ ओहमच्या स्पीकरला, स्टिरिओच्या आतला छोटा अँप दर चॅनेलला स्वच्छ असे १५ ते २० वॅटच देऊ शकतो. म्हणून स्पीकर घेताना "३५० वॅट" या मोठ्या आकड्याकडे बघू नका. दोन गोष्टी बघा: आरएमएस वॅट, म्हणजे सतत पेलणारी खरी ताकद, आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती मोठ्यानं वाजतो. दुसरी डेसिबलमध्ये लिहिलेली असते. ३ डेसिबल जास्त म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये दुप्पट ताकदीचा अँप लावल्याइतका आवाज. ८८ चा स्पीकर आणि ९१ चा स्पीकर समोर असतील आणि अँप नंतर घ्यायचा असेल, तर ९१ चा घ्या.

दार हाच डबा

घरातल्या स्पीकरला लाकडी खोकं असतं. गाडीत ते काम दारानं करायचं असतं, आणि ते त्याला जमत नाही. कोन पुढे येतो तेव्हा मागची हवा उलटी खेचली जाते. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात, त्यावर फक्त एक पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं. मागची उलटी लहर त्या भोकांतून पुढे येते आणि पुढच्या लहरीला खाऊन टाकते. सगळ्यात आधी बास जातो. वर पातळ पत्रा थरथरून स्वतःचा एक सूर लावतो, तो आवाजातल्या मधल्या पट्टीवर बसतो आणि शब्द झाकोळतात. दोन हजारांचा स्पीकर नीट बंद केलेल्या दारात दहा हजारांच्या स्पीकरसारखा वाजतो, पण दहा हजारांचा स्पीकर उघड्या दारात दोन हजारांचाच राहतो. म्हणून माझा पहिला खर्च दारावर झाला.

लागणारं सामान: ब्यूटाइल रबराची २ मिलिमीटर जाडीची, वरून अॅल्युमिनियम फॉइल असलेली शीट, दोन दारांसाठी साधारण दोन ते अडीच चौरस मीटर. एक छोटा लोखंडी किंवा लाकडी रोलर, थिनर किंवा स्पिरिट, फडकी, कटर, जाड हातमोजे. फॉइलची कड ब्लेडसारखी कापते, हातमोजे टाळू नका.

इथे नागपूरची गोष्ट वेगळी आहे. स्वस्तात डांबराची शीट मिळते, दिसायला तशीच. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा हात ठेवता येणार नाही इतका तापतो. त्यात डांबर मऊ होतं, वास सोडतं आणि हळूहळू खाली सरकतं. शीट घेताना एक कोपरा सोलून नाकाजवळ धरा. रस्त्याच्या डांबरासारखा वास आला तर परत ठेवा. ब्यूटाइलला वास नसल्यातच जमा असतो, आणि ते बोटानं ताणलं की च्युइंगमसारखं लांबतं.

दार उघडायची पद्धत गाडीगणिक थोडी बदलते, पण गाभा एकच. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि दहा मिनिटं थांबा. काही गाड्यांच्या दारात एअरबॅगचे सेन्सर असतात. ते कुठे आहेत ते नीट बघून घ्या आणि त्यांच्यावर किंवा त्यांच्यासमोर काही चिकटवू नका. मग हँडलच्या मागचा आणि हात ठेवायच्या खोबणीतला स्क्रू शोधा. बहुतेक वेळा त्यावर छोटं प्लास्टिकचं झाकण असतं. स्क्रू निघाले की खालच्या कोपऱ्यातून प्लास्टिकचा पाना घालून एकेक क्लिप सोडवा. लोखंडी पेचकस वापरलात तर प्लास्टिकवर कायमची खूण राहील. क्लिपा उन्हानं कडक झालेल्या असतात, दोन-तीन तुटतातच. दहा जास्तीच्या आधीच आणून ठेवा, त्या काही रुपयांना मिळतात. पॅड, म्हणजे दाराचं आतलं प्लास्टिक, हातात आलं की ओढू नका. मागे काचेच्या स्विचचा कप्लर (वायरींचा जोड) आणि लॉकची केबल अडकलेली असते. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढत चला.

पत्रा थिनरनं पुसून कोरडा झाला की शीट लावायला घ्या. आधी बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू, आतल्या भोकांतून हात घालून. सगळा पत्रा झाकायची गरज नाही. पत्र्याच्या मोठ्या सपाट भागांवर मिळून तिसरा हिस्सा झाकला तरी थरथर मरते. स्पीकरच्या बरोबर मागची जागा मात्र पूर्ण झाका. रोलर इतका दाबून फिरवा की फॉइलवरची नक्षी सपाट झाली पाहिजे. नुसती हातानं चिकटवलेली शीट काम करत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे हीट गन लागत नाही. शीट दहा मिनिटं उन्हात ठेवली की लोण्यासारखी बसते. डिसेंबरात हेअर ड्रायर घ्या.

मग आतल्या पत्र्यावरची भोकं. मोठ्या भोकावर आधी अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा किंवा प्लास्टिकची शीट आणि त्यावर ब्यूटाइल, म्हणजे मध्ये पोट येत नाही. काचेच्या मोटरसमोरचा तुकडा वेगळा, सोलून काढता येईल असा ठेवा, पुढे मोटर बदलायची वेळ आली तर मेकॅनिक तुम्हाला दुवा देईल. आणि दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती कधीही बंद करू नका. काचेच्या पट्टीतून पावसाचं पाणी दारात येतंच, ते खालून निघून गेलं पाहिजे. ती बंद झाली की दार आतून गंजतं.

पहिल्या दाराला मला पाच तास लागले, दुसऱ्याला अडीच. पॅड बसवून दार लावलं तेव्हा "ठप्प" असा आवाज आला. स्पीकर अजून जुनाच होता, तरी ढोलकीचा ठोका गोल झाला होता. दोन दारांचं सामान तीन-साडेतीन हजारांत बसलं. याच्यापुढे काहीच करायचं नसेल तरी एवढं करा. समृद्धीवरची टायरची घरघरही थोडी दबते.

पुढचे दोन स्पीकर, आणि ट्विटरची जागा

आता कोअॅक्सिअल की कंपोनंट? कोअॅक्सिअलमध्ये ट्विटर मोठ्या कोनाच्या मधोमध बसवलेला असतो. साधारण अडीच-तीन हजारांत जोडी येते आणि बसवायला सोपी असते. कंपोनंटमध्ये ट्विटर वेगळा, म्हणजे तो वर, कानाजवळ लावता येतो. पाच-सहा हजारांपासून पुढे. ज्यांना शब्द ऐकायचे आहेत त्यांनी कंपोनंटच घ्यावा. सोनी, जेबीएल, इन्फिनिटी, पायोनियर, ब्लॉपंक्ट, हर्ट्झ या सगळ्यांच्या सुरुवातीच्या मालिकांत चांगले पर्याय आहेत. दुकानात ऐकून घ्या, पण बोर्डावर ऐकलेला बास गाडीत तसाच येणार नाही हे लक्षात ठेवा. फक्त माणसाचा आवाज कसा येतो तेवढं ऐका.

कोनाभोवतीची लवचिक कड रबराची आहे ना ते बघा. फोमची कड आपल्या उन्हात काही वर्षांत भुगा होते.

माप नक्की घ्या. छोट्या गाड्यांत बहुधा साडेसहा इंची बसतो, पण खोली महत्त्वाची. काच पूर्ण खाली करा आणि स्पीकर बसायच्या पातळीपासून काचेपर्यंतचं अंतर मोजा. मॅग्नेटची खोली त्यापेक्षा कमीत कमी सेंटिमीटरभर कमी हवी. नाही जमलं तर मध्ये रिंग घालावी लागते. रिंग प्लास्टिकची किंवा वॉटरप्रूफ प्लायची घ्या. एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची, रिंग पहिल्याच पावसाळ्यात फुगते. फारच हवी असेल तर तिला सगळीकडून ऑइल पेंटचे दोन हात द्या. रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी लावा, फट राहू देऊ नका.

ट्विटरसाठी आरशाच्या आतल्या बाजूचा तिकोनी प्लास्टिकचा तुकडा उत्तम. काही गाड्यांत तिथे आधीच जाळी असते. समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबावर ट्विटर लावायचा मोह होतो, पण गाडीला कर्टन (खिडक्यांवरून पडद्यासारख्या उघडणाऱ्या) एअरबॅग असतील तर तिथे स्क्रू नको आणि वायरही नको. एअरबॅग उघडताना वाटेत आलेली वस्तू गोळीसारखी सुटते. आवाजापेक्षा घरची माणसं मोठी.

वायर तोडू नका. तुमच्या गाडीच्या मॉडेलचे कप्लर तयार मिळतात. एका बाजूला कंपनीचा सॉकेट, दुसऱ्या बाजूला स्पीकरचे टर्मिनल. शे-दोनशे रुपयांत वॉरंटीचा वाद टळतो आणि गाडी विकताना सगळं पूर्ववत करता येतं. कंपोनंटबरोबर येणारा क्रॉसओव्हर (उंच आवाज ट्विटरकडे आणि बाकीचा मोठ्या कोनाकडे पाठवणारी डबी) दारात ठेवणार असाल, तर वरच्या, कोरड्या भागात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, क्लिपेनं पक्का बांधून ठेवा.

बास हरवला तर आधी एक पेन्सिल सेल घ्या

नवे स्पीकर बसवून मी गाणं लावलं आणि मन खट्टू झालं. आवाज स्वच्छ होता, पण बास जुन्या स्पीकरपेक्षाही कमी. गायक समोर असण्याऐवजी कुठेतरी दोन्ही कानांच्या मागे गात होता. तासभर स्टिरिओची बटणं दाबत बसलो. मग बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला आणि बास आला. पूर्ण उजवीकडे नेला, तरी आला. मध्ये आणला की गेला. उजव्या दारात मी प्लस-मायनस उलटे जोडले होते. एक कोन पुढे येताना दुसरा मागे जात होता आणि दोघे मिळून एकमेकांची हवा खात होते.

कंपनीच्या वायरींच्या रंगांवरून प्लस-मायनसचा अंदाज बांधू नका. जुना स्पीकर दारात असतानाच त्याच्या दोन टोकांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला, तर सेलचा प्लस ज्या टोकाला लागला ते टोक प्लस. त्या वायरीला लाल टेप गुंडाळा. ही पाच मिनिटांची तपासणी दोन्ही दारांत, दार उघडलेलं असतानाच करून टाका.

इथपर्यंत आमचे नऊ-साडेनऊ हजार झाले होते. दोन महिने मी इथेच थांबलो, आणि शहरातल्या शहरात फिरणाऱ्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. वर्धा रोडवरच्या गर्दीत ४० च्या वेगात एवढं भरपूर आहे.

अँप: जास्त आवाजासाठी नाही, मोकळ्या श्वासासाठी

हायवेवर १०० च्या वर गेलं की रस्त्याचा आवाज खालच्या पट्टीतलं सगळं झाकतो. मग आपण स्टिरिओ वाढवतो आणि त्याचे १५-२० वॅट संपतात. संपले की लहरीचे शेंडे छाटले जातात. त्यालाच आपण आवाज फाटणं म्हणतो, आणि ट्विटर बहुतेक वेळा त्यानेच जळतात. दर चॅनेल ५० वॅट आरएमएस देणारा क्लास डी अँप घ्या. क्लास डी कमी तापतो आणि छोटा असतो. आपल्या उन्हाळ्यात हे दोन्ही मोलाचं आहे. सात ते दहा हजारांत चांगला मिळतो. त्याला हाय-लेव्हल इनपुट हवाच, म्हणजे स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल घेता येतो आणि कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवता येतो. आजकालच्या गाडीत रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगची बटणं, गाडीच्या सेटिंग सगळं त्या स्क्रीनला जोडलेलं असतं. तो काढून तिथे स्वस्त स्क्रीन बसवण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

स्टिरिओच्या मागे टी-हार्नेस (वायर न तोडता मध्ये बसणारा तयार जोड) लावला की स्पीकरचा सिग्नल अँपकडे जातो आणि अँपचं आउटपुट परत कंपनीच्याच स्पीकर वायरींतून दारात येतं. ५० वॅटला ४ ओहमवर जेमतेम साडेतीन अँपिअर वाहतात. त्या वायरी हे सहज सोसतात, दाराच्या रबरी नळीतून नवी वायर ओवायची कटकट नाही.

पॉवरची वायर मात्र नवी, थेट बॅटरीपासून. ८ गेजची, अस्सल तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर सर्रास विकली जाते. एका तारेवर ब्लेड घासा, आत चंदेरी निघालं तर ती अॅल्युमिनियमची. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटिमीटरच्या आत लावा, ४० अँपिअरचा. हा फ्यूज अँपसाठी नसून वायरीसाठी आहे. वायर कुठे घासून पत्र्याला टेकली तर आग लागू नये म्हणून. इंजिनकडून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर घासू न देणारी कडी, हवाच. फिटर करत असेल तर हे दोन मुद्दे स्वतः उभं राहून बघा: फ्यूज कुठे आहे आणि ग्रोमेट आहे का. बाकी कशातही तडजोड चालेल, यात नाही.

अर्थ वायर अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको. सीटच्या बोल्टला नुसती गुंडाळून चालत नाही. पत्र्यावरचा रंग खरवडून चकाकता धातू दिसला पाहिजे, त्यावर थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) घट्ट आणि वरून ग्रीस किंवा रंगाचा हात. इंजिनबरोबर वाढत जाणारी शिट्टी ऐकू आली, तर दहापैकी आठ वेळा दोष इथेच असतो. अँप चालू होण्याची रिमोट वायर फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून जास्तीची वायर काढायचा जोड) लावून अशा फ्यूजवर घ्या जो किल्ली काढल्यावर बंद होतो, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली मिळेल. अँप सीटखाली ठेवलात, तर मागच्या लोकांसाठी एसीचा झोत तिथून जातो का बघा. जात असेल तर ती उत्तम जागा. वर मॅट टाकू नका. बॅटरी बदलायची गरज नाही, गाणं वाजताना अँप सरासरी काही अँपिअरच ओढतो.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे

माझ्या ओळखीच्या एकाचे नवे ट्विटर आठवड्यात गेले. अँप बसवून देणाऱ्यानं गेन पूर्ण फिरवला होता. विचारलं तर म्हणाला, "भाऊ, फुल्ल नाही ठेवलं तर अँप घेऊन फायदा काय?" गेनचं काम एवढंच: स्टिरिओचा सिग्नल आणि अँपची मर्यादा जुळवणं.

तीनेकशे रुपयांचा मल्टीमीटर सीताबर्डीत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. गणित सोपं आहे. हवे असलेले वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे व्होल्ट. ५० गुणिले ४ म्हणजे २००, वर्गमूळ १४.१. आता असं करा:

१. अँपच्या आउटपुटवरून स्पीकर सोडवा. अँपचे फिल्टर बंद ठेवा, गेन सगळ्यात खाली.
२. स्टिरिओचे बास-ट्रेबल शून्यावर ठेवून २०० हर्ट्झचा, शून्य डेसिबलचा टेस्ट टोन पेन ड्राइव्हवरून लावा. स्वस्त मीटर ४०० हर्ट्झपर्यंतच बरोबर वाचतो, म्हणून एक हजारचा टोन नको.
३. स्टिरिओ कमाल आकड्याच्या पाऊण भागावर न्या. ४० कमाल असेल तर ३०.
४. मीटर एसी व्होल्टवर ठेवून आउटपुटला लावा आणि गेन हळूहळू वाढवा. १४ व्होल्ट दिसले की थांबा.
५. टोन बंद करा, मग स्पीकर जोडा. यापुढे स्टिरिओ ३० च्या वर न्यायचा नाही, घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

मग हाय-पास फिल्टर चालू करा, ८० हर्ट्झवर. त्याखालचा जड बास दारातल्या स्पीकरकडे जायचा थांबतो, आणि अचानक सगळा मधला भाग मोकळा होतो. बाबांना पहिल्यांदा "सा" स्वच्छ ऐकू आला तो या एका स्क्रूनं. वूफर नसेल तर ६० वर ठेवा.

शेवटचा हात टाइम डिलेचा, म्हणजे जवळच्या स्पीकरला किंचित उशिरा वाजवायचा, तुमच्या अँपमध्ये किंवा स्टिरिओत ती सोय असेल तर. चालकाच्या कानापासून उजवा ट्विटर समजा ८० सेंटिमीटर, डावा १३०. फरक ५०. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणून उजव्याला दीड मिलिसेकंद उशीर द्या. गायक दारातून उठून डॅशबोर्डच्या मधोमध येऊन बसतो. सोय नसेल तर बॅलन्स दोन-तीन खुणा डावीकडे सरकवा, थोडंफार साधतं.

वूफर लावायचा का?

मी लावला, सगळ्यात शेवटी, सीटखाली बसणारा आठ इंची, आत अँप असलेला. साडेनऊ हजार. डिक्कीत डबा ठेवायला जागा नव्हती, आणि सीएनजीची टाकी असलेल्या गाड्यांत तर तो प्रश्नच येत नाही. लो-पास फिल्टर (फक्त खालचा बास जाऊ देणारा) ८० वर, आवाज इतकाच की वूफर कुठे आहे ते कळू नये. बंद केल्यावर काहीतरी गेल्यासारखं वाटावं, चालू असताना लक्ष जाऊ नये. पखवाजाचं डावं अंग आणि तानपुऱ्याचा खर्ज यांना त्यानं अंग आलं. पण फक्त बातम्या, कीर्तन, जुनी गाणी ऐकणाऱ्यांना मी हे पैसे वाचवायला सांगेन.

मागच्या स्पीकरबद्दल दुकानात मला विचारलं होतं, "मागचे काऊन सोडता, भाऊ?" कारण आवाज समोरून यावा असं मला वाटतं, पाठीमागून नाही. ते कंपनीचे जुनेच आहेत, स्टिरिओवरच चालतात. मागे कुणी बसलं की फेडर दोन-तीन खुणा मागे घेतो, तेवढं पुरतं.

उन्हाळा, पावसाळा

मे महिन्यात उन्हात उभी गाडी उघडली की लगेच मोठ्यानं गाणं लावू नका. एसी लावून आतली हवा थंड होऊ द्या, दहा मिनिटं हळू वाजू द्या. तापलेला अँप स्वतःला वाचवायला मध्येच बंद पडतो, तो बिघाड नसतो. पुढच्या काचेला पडदा लावायची सवय ट्विटरलाही मानवते.

पहिल्या मोठ्या पावसानंतर पॅडच्या खालच्या कडेला हात फिरवून ओल आहे का बघा. असेल तर शीटची एखादी कड सुटलेली असते, पुन्हा दाबून रोलर फिरवा. महिन्याभरानं अर्थचा बोल्ट आणि बॅटरीचं टर्मिनल एकदा घट्ट करा, खड्ड्यांनी ते सैल होतात. उरलेल्या क्लिपांची पुडी आणि ४० अँपिअरचा एक जास्तीचा फ्यूज डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेला असू द्या.